कॉन्ट्रा डान्समधे आपल्याला कुठली फॉर्मेशन आवडते ते कसं ओळखायचं

हे लिहितेय ते अमेरिकेत राहणाऱ्या आणि कॉन्ट्रा डान्सला नुकतंच जायला लागलेल्या मराठी मंडळींसाठी, म्हणजे बॉस्टनच्या आसपास असाल, प्रिन्स्टनकडे असाल, वॉशिंग्टन डीसी किंवा बे एरियात असाल तरी चालेल, सगळीकडे मामला सारखाच आहे. दोन-चार वेळा जाऊन आलं की एक गोष्ट लक्षात येते, कॉलरने (हालचाली सांगणाऱ्याने) माइकवर नुसतं "बेकेट" म्हटलं की निम्म्या हॉलचे चेहरे खुलतात, आणि "ट्रिपल मायनर" म्हटलं की काही जण हळूच पाण्याची बाटली शोधायला बाजूला जातात. नवीन माणूस गोंधळतो, अजून नाच शिकवलाही नाही तर आवडनिवड आली कुठून?

तर मला जे सांगायचंय ते एवढंच की फॉर्मेशनची, म्हणजे बेकेट, ट्रिपल मायनर अशा उभं राहायच्या मांडणीची, आवड ही बहुतेक वेळा त्या फॉर्मेशनमधे आपण कुठल्या जागी उभे होतो त्यावर ठरते. ज्याला प्रॉपर (हीपण एक फॉर्मेशन) नाच कंटाळवाणा वाटतो त्याला विचारा, बहुतेक तो लाइनीच्या खालच्या टोकाला "टू" म्हणून, म्हणजे फारसं काम नसलेल्या जोडीत, आठ मिनिटं उभा होता. म्हणून एखादी फॉर्मेशन आवडत नाही असं ठरवायच्या आधी ती नीट जागेवरून नाचून बघा, आणि नीट जागा कुठली ते कसं ओळखायचं तेच खाली सांगतेय.

आधी थोडं मूळचं. कॉन्ट्रा हा न्यू इंग्लंडचा नाच, त्याची मुळं इंग्लंडच्या कंट्री डान्समधे, 1651 मधे जॉन प्लेफर्डने लंडनमधे त्या नाचांचं पुस्तक छापलं होतं, तिथून ते फ्रान्समधेही गेले आणि अमेरिकेतही. न्यू हॅम्पशरमधे राल्फ पेज यांनी विसाव्या शतकात हे नाच जिवंत ठेवले, त्यांच्यानंतर डडली लॉफमन यांनी 1960-70 च्या काळात तरुण पोरापोरींना हॉलमधे आणलं, आणि आज अमेरिकेत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत कुठे ना कुठे शनिवारी कॉन्ट्रा चालू असतो.

नाचाचा सांगाडा असा. दोन लांब ओळी समोरासमोर, त्या दोन मिळून एक लाइन, बँडचं टोक म्हणजे "वर", दुसरं टोक म्हणजे "खाली". कॉलर म्हणतो "हँड्स फोर फ्रॉम द टॉप", की वरून चार-चार जणांनी हात धरून गोल करायचा, त्यातली वरची जोडी "वन", खालची जोडी "टू". संगीत 32 बारचं, म्हणजे 64 ठोके, AABB असे चार भाग, एका भागाला 16 ठोके. 64 ठोके संपले की प्रत्येक जोडी एक जागा पुढे सरकते, वन खाली जातात, टू वर येतात आणि नव्या जोडीबरोबर तोच क्रम परत पहिल्यापासून. आपल्या दांडियात दोन रांगा समोरासमोर असतात आणि टिपरी वाजवत एकेक माणूस पुढे सरकत जातो ना, ते डोळ्यासमोर आणलं की सरकण्याची कल्पना लगेच येते. जोडीतल्या भूमिकांना आता बऱ्याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन म्हणतात, लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे, आणि कोणीही कुठलीही भूमिका घेऊ शकतं, बायकोने लार्क आणि नवऱ्याने रॉबिन असं सर्रास चालतं.

एक हिशोब आत्ताच करून ठेवा कारण तो पुढे सारखा लागणार आहे. ठोके मिनिटाला साधारण 116 धरले तर 64 ठोक्यांची एक फेरी 33 सेकंदांची होते. एक नाच साधारण आठ मिनिटं चालला तर 14-15 फेऱ्या. म्हणजे एका नाचात तुम्ही 14-15 जागा सरकता, त्याहून जास्त नाही.

आता फॉर्मेशन जोखायची कशी? मी तीन गोष्टी बघते. 64 ठोक्यांपैकी किती ठोके माझे पाय नुसते उभे आहेत. स्विंग (दोघांनी एकमेकांना धरून जागच्या जागी गरगर फिरणं) कोणाबरोबर मिळतोय, पार्टनरबरोबर, शेजाऱ्याबरोबर (चौघांतल्या दुसऱ्या जोडीतला) की दोघांबरोबर. आणि लाइनीच्या टोकाला पोचल्यावर काय होतं. या तीन गोष्टींची उत्तरं माणसागणिक वेगळी आवडतात, कोणाला सतत हलायला हवं असतं, कोणाला आपल्या माणसाबरोबर जास्त वेळ हवा असतो, कोणाला मधे श्वास घ्यायला थांबायला आवडतं (गुडघे दुखत असतील तर हे अगदी खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही).

इम्प्रॉपर

बहुतेक हॉलमधे संध्याकाळचे सगळ्यात जास्त नाच हेच असतात. यात वन जोडी आपापसात जागा बदलून उभी असते, त्यामुळे प्रत्येक ओळीत लार्क-रॉबिन-लार्क-रॉबिन असा क्रम लागतो आणि तुमचा शेजारी कायम दुसऱ्या भूमिकेतला असतो. या एका बदलाचा परिणाम फार मोठा झाला. शेजाऱ्याबरोबर स्विंग करता यायला लागला, आणि 1970 नंतर जे नवे नाच रचले गेले त्यात वन आणि टू दोघांनाही सारखंच काम द्यायची पद्धत पडली. टोनी पार्क्स यांचा शॅड्रॅक्स डिलाइट त्याच काळातला, अजून हॉलमधे नाचला जातो.

नव्या माणसाने इम्प्रॉपरपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण चुकलात तरी समोरून येणारा नवा शेजारी तुम्हाला हाताने वळवून जागेवर आणतो आणि 33 सेकंदांनी परत पहिल्यापासून सुरू. शिकायची याच्यासारखी सोय दुसऱ्या कुठल्या फॉर्मेशनमधे नाही. लाइनीच्या टोकाला पोचलात की एक फेरी बाहेर थांबायचं, आणि थांबताना पार्टनरबरोबर जागा अदलाबदल करायची, म्हणजे आत तोंड करून उभं राहिल्यावर रॉबिन उजवीकडे आली पाहिजे. ही अदलाबदल फेरी संपायची वाट न बघता बाहेर पडल्या पडल्या करून टाका, नाहीतर शेवटच्या चार ठोक्यांत धांदल होते आणि आत येणारी जोडी तुमच्यावर आदळते.

ज्यांना खूप लोकांना भेटायला आवडतं त्यांची ही फॉर्मेशन. चौदा फेऱ्यांत चौदा शेजारी, प्रत्येकाचा स्विंग वेगळा, कोणी हलका, कोणी एकदम जोरात फिरवणारा. पण पार्टनरचा विचार केला तर काही इम्प्रॉपर नाचांत पार्टनर स्विंग फक्त 8 ठोक्यांचा असतो, आणि तुम्ही नेमका तोच नाच आपल्या आवडत्या माणसाबरोबर घेतलात तर चुटपुट लागते. शिकवताना कान देऊन ऐका, कॉलर जर म्हणाला की आधी बॅलन्स (हात धरून पुढे-मागे झुलणं) आणि मग स्विंग, तर पूर्ण 16 ठोके तुमचे.

बेकेट

हर्बी गॉड्रो यांनी रचलेल्या बेकेट रील या नाचावरून हे नाव पडलं, आणि नाचाला नाव मिळालं मॅसॅच्युसेट्समधल्या बर्कशर भागातल्या कॅम्प बेकेटवरून. करायला सोपी, नेहमीसारखं हँड्स फोर घ्यायचं आणि सगळ्यांनी डावीकडे एक जागा गोल फिरायचं, झालं बेकेट. आता तुमचा पार्टनर समोर नसून तुमच्या शेजारी, ओळीत त्याच बाजूला, आणि समोर दुसरी जोडी. सरकायचं बहुतेक वेळा डावीकडे, कधी कधी उजवीकडे, ते कॉलर सांगतो आणि ते वाक्य चुकवू नका.

जुन्या नाचणाऱ्यांना बेकेट का आवडतं ते एकदा नाचलं की कळतं. पार्टनर सतत हाताशी आहे, स्विंग संपला की आपण दोघं समोर तोंड करून एकत्र उभे, पुढची हालचाल एकत्र, सरकायचं पण एकत्र. रचना करणाऱ्यांनाही हे सोयीचं पडतं, पार्टनर स्विंगने फेरी संपवायची आणि दोघांनी मिळून डावीकडे नव्या जोडीकडे जायचं, कुठे अडखळायला होत नाही. ज्या नाचात पार्टनरबरोबर जास्तीत जास्त वेळ हवाय त्यासाठी मी कायम बेकेटची वाट बघते, आणि असे लोक हॉलमधे पुष्कळ आहेत.

पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक म्हणजे टोकं. बेकेटच्या टोकाला नव्या लोकांचा फार गोंधळ होतो, कारण कधी समोर कोणीच नसतं, कधी फेरीच्या मधेच तुमची गरज लागते. नियम एकच लक्षात ठेवा, समोर जोडी नसेल तर दोघांनी मिळून पलीकडच्या बाजूला जायचं, रॉबिन उजवीकडे, तोंड आत, आणि डोळे उघडे ठेवून उभं राहायचं. गप्पा मारत पाठ फिरवून उभे राहिलात तर तिरक्या दिशेने येणारी माणसं तुम्हाला शोधत बसतात.

दुसरी गोष्ट शॅडो. ओळीत तुमच्या एका बाजूला पार्टनर, दुसऱ्या बाजूला पलीकडच्या जोडीतला माणूस, तो तुमचा शॅडो. शेजारी दर फेरीला बदलतो पण शॅडो बदलत नाही, आणि काही नाचांत दर फेरीला त्याच्याबरोबर हात फिरवायचा (एक हात धरून वळायचं) किंवा चक्क स्विंग करायचा असतो. चौदा वेळा तोच माणूस. म्हणून लाइनीत उभं राहताना आपल्या शेजारच्या जोडीत कोण आहे ते बघून उभं राहा, ज्याच्याबरोबर नाचायला बरं वाटतं अशा माणसाशेजारी जागा पकडा, यात गैर काही नाही, अनुभवी लोक हे गुपचूप करतातच. काही जणांना शॅडो स्विंग मुळीच आवडत नाही, त्यांचं म्हणणं ते ठोके पार्टनरला तरी द्या किंवा नव्या शेजाऱ्याला तरी. मला स्वतःला शॅडोबरोबर एक हात फिरवणं आवडतं, ओळखीचा चेहरा परत परत येतो म्हणून, पण स्विंग नको.

प्रॉपर

इथे मला जरा थांबायचंय, कारण या फॉर्मेशनवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

प्रॉपरमधे सगळे लार्क एका ओळीत, सगळे रॉबिन समोरच्या ओळीत, जुनी मूळ मांडणी. शेजारी तुमच्याच भूमिकेतला असतो त्यामुळे शेजाऱ्याचा स्विंग जवळपास नसतोच. आणि जुन्या नाचांत बहुतेक सगळं काम वन करतात. कोरस जिग घ्या, न्यू इंग्लंडच्या जुन्या ठेवणीतल्या, ज्यांना तिथे चेस्टनट म्हणतात, त्या नाचांपैकी हा बहुधा सगळ्यात लाडका. पहिल्या 16 ठोक्यांत वन ओळींच्या बाहेरून खाली जाऊन परत येतात, दुसऱ्या 16 त मधून खाली जाऊन परत येतात आणि टू च्या भोवती वळून एक जागा खाली उतरतात, तिसऱ्या 16 त कॉन्ट्रा कॉर्नर्स, चौथ्या 16 त वन जोडीचा बॅलन्स आणि स्विंग. टू पहिले 32 ठोके जवळजवळ उभेच. कागदावर वाचलं तर कोणालाही वाटेल की हे कोण नाचणार.

पण कॉन्ट्रा कॉर्नर्स जवळून बघा. वन दोघं मधे आहेत, प्रत्येकाच्या समोरच्या ओळीत दोन माणसं, उजवीकडे तिरका तो पहिला कॉर्नर, डावीकडे तिरका तो दुसरा. पार्टनरला उजवा हात देऊन वळायचं, पहिल्या कॉर्नरला डावा हात देऊन वळायचं, परत मधे येऊन पार्टनरला उजवा, दुसऱ्या कॉर्नरला डावा. प्रत्येक वळणाला चार ठोके. लक्षात ठेवायला सोपं, उजवा हात फक्त पार्टनरचा, डावा बाकीच्यांचा. या 16 ठोक्यांत पार्टनर दोनदा तुमच्या हातातून निसटतो आणि दोनदा परत सापडतो, आणि मग सतराव्या ठोक्याला त्याच माणसाबरोबर बॅलन्स आणि स्विंग. फिडलची चालसुद्धा तिथेच वर चढते. हे एकदा वन म्हणून नीट जमलं की प्रॉपर कंटाळवाणा असतो हे वाक्य परत तोंडातून निघत नाही.

आणि टू म्हणून उभे असलात तर? तुमचंही काम आहे. तुम्ही एकाच वेळी दोन वेगळ्या वन जोड्यांचे कॉर्नर असता, एकाचा पहिला, दुसऱ्याचा दुसरा. डावा हात वेळेवर पुढे करायचा, कोपर थोडं वाकलेलं, हातात हलका ताण ठेवायचा म्हणजे वळणाऱ्या माणसाला आधार मिळतो, चार ठोक्यांत त्याला वळवून परत मधे पाठवायचं आणि लगेच दुसरीकडून येणाऱ्यासाठी तोच डावा हात तयार. चांगला कॉर्नर असेल तर वन जोडीचा अख्खा नाच सुधारतो, आणि हे हॉलमधल्या लोकांच्या नीट लक्षात राहतं.

प्रॉपर नाचायचा असेल तर हे करा. कॉलरने प्रॉपर म्हटलं की सगळ्यात छोटी लाइन शोधा. किंवा लाइनीच्या वरच्या अर्ध्या भागात जागा पकडा. तुम्ही टू म्हणून दहाव्या जागेवर असलात तर दर फेरीला एक जागा वर जात नऊ फेऱ्यांनी वर पोचता, एक फेरी थांबता आणि मग वन होता, म्हणजे 15 फेऱ्यांतल्या जेमतेम पाच तुमच्या. विसाव्या जागेवर असलात तर वन व्हायची वेळच येणार नाही. टोकाला मात्र इथे जागा अदलाबदल करायची नाही, आपापल्या ओळीतच राहायचं, इम्प्रॉपरची सवय असलेले लोक हमखास पलीकडे जातात आणि मग दोन फेऱ्या निस्तरण्यात जातात.

अजून एक, ज्यांना वाटतं की आपल्याला जुनं काही आवडत नाही त्यांनी लक्षात घ्या की आजच्या इम्प्रॉपर आणि बेकेट नाचांतल्या कितीतरी आवडत्या हालचाली या जुन्या प्रॉपर नाचांतून उचललेल्या आहेत. चौघांनी गोलात बॅलन्स करून उजवीकडे स्वतःभोवती फिरत एक जागा सरकायचं आणि दोन टाळ्या, ते पेट्रोनेला या नाचातून आलं, पूर्वी ते फक्त वन करायचे, आता चौघंही करतात. लाटेसारख्या ओळीत बॅलन्स करून एकमेकांसमोरून फिरत सरकायचं ते रोरी ओमोर मधून. मूळ नाच एकदा नाचलात की नव्यातली मजा पण वाढते.

ट्रिपल मायनर

इथे चारऐवजी सहा-सहाचे गट, हँड्स सिक्स. वन काम करतात, टू आणि थ्री मदत करतात, आणि दर फेरीला टू चे थ्री, थ्री चे टू होत राहतात. सुरुवातीला तीनातली एकच जोडी वन, म्हणजे दोन तृतीयांश हॉल मदतीला. लांब लाइन असेल तर खालच्या लोकांना आठ मिनिटांत वन व्हायला मिळतच नाही, नापसंतीचं खरं कारण हेच आहे, नाचात खोट नाही.

न्यू हॅम्पशरमधे मनी मस्क अजूनही प्रेमाने नाचला जातो, तोही ट्रिपल मायनर, आणि तिथे तो 32 ऐवजी 24 बारमधे बसवलेला असतो, त्यामुळे वन जोडीला एक क्षण उसंत नसते आणि फेऱ्या पण लवकर सरकतात. नेल्सन गावच्या टाउन हॉलमधे सोमवारी नाच असतो, छोटा हॉल, जुन्या नाचांची चांगली परंपरा, ट्रिपल मायनर पहिल्यांदा नाचायचा असेल तर अशा ठिकाणी नाचावा. ग्लेन एको पार्कच्या स्पॅनिश बॉलरूममधे, मेरीलंडला, 1933 चं बांधकाम आहे ते, एवढ्या प्रशस्त हॉलमधे लांबच लांब लाइन लागते, तिथे इम्प्रॉपर आणि बेकेट जसे खुलतात तसा ट्रिपल मायनर खुलणार नाही. हॉल बघून फॉर्मेशन आवडून घ्यायची, हे नाचणाऱ्याने पण शिकावं आणि कॉलरने तर शिकायलाच हवं.

बाकीच्या

ट्रिपलेट. फक्त तीन जोड्यांचा सेट, प्रॉपर उभं राहायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर क्रम बदलून नवी जोडी वन होते. टेड सॅनेला यांनी नंबर देऊन असे बरेच रचले. थोडे लोक आले असतील, बर्फ पडतंय, निम्मा हॉल रिकामा आहे, तेव्हा याच्यासारखं दुसरं काही नाही. प्रॉपरची गंमत मिळते आणि वाट बघावी लागत नाही. ज्यांना वाटतं आपल्याला प्रॉपर आवडत नाही त्यांनी आधी ट्रिपलेट करून बघावं.

फोर फेस फोर म्हणजे दोन जोड्या शेजारी शेजारी, समोर तशाच दोन जोड्या, आठ जणांचा गट वर-खाली सरकत जातो. गजबज भरपूर, पार्टनर क्षणभर हरवतो, परत सापडतो, हसायला येतं. चांगले नाचणारे असतील तर धमाल, सहा नवीन माणसं एका गटात असतील तर आठही जण हरवतात. शेजारची जोडी ओळखीची घ्या, ती अख्खा नाच तुमच्याबरोबर राहते.

सिसिलियन सर्कल मधे जोडीसमोर जोडी पण लाइनीऐवजी हॉलभर मोठा गोल, त्यामुळे टोकंच नाहीत आणि थांबायचं पण नाही. घरचे सगळे, आई-वडील भारतातून आलेत, लहान मुलं आहेत, तर हेच. सर्कल मिक्सर मधे दर फेरीला पार्टनरच बदलतो, आपल्या माणसाबरोबर नाचायला आलेल्यांना ते आवडत नाही आणि एकट्या आलेल्यांना फार बरं पडतं, हे दोन्ही बाजूंनी खरं आहे.

स्क्वेअर्सवर लोकांची मतं फार टोकाची आहेत. चार जोड्यांचा चौकोन, कॉलर क्रम बदलत जातो, त्यामुळे शेवटपर्यंत कान कॉलरकडे. कॉन्ट्रामधे पाच-सहा फेऱ्यांनंतर कॉलर गप्प होतो आणि आपण फक्त संगीतावर नाचतो, ज्यांना ते हवंय त्यांना स्क्वेअर म्हणजे व्यत्यय वाटतो, शिवाय शिकवायला वेळ जातो आणि त्या नाचापुरतं ज्या सात माणसांबरोबर अडकलो त्यातला एक चुकला की चौकोन बसतो. पण राल्फ पेज यांच्या काळी एकाच संध्याकाळी स्क्वेअर आणि कॉन्ट्रा दोन्ही चालायचे आणि लोक दोन्हीला उठायचे. माझं मत, संध्याकाळी दोन स्क्वेअर एकामागोमाग आणि तेही चांगल्या कॉलरने घेतलेले असतील तर मी कधीच बसणार नाही.

मग स्वतःची आवड शोधायची कशी

एक काम करा. प्रत्येक फॉर्मेशन दोन्ही जागांवरून नाचा, वन म्हणून आणि टू म्हणून, शक्य असेल तर लार्क म्हणून आणि रॉबिन म्हणून पण. दर वेळी घरी जाताना गाडीत एकच प्रश्न विचारा, आज कुठला नाच लवकर संपला असं वाटलं आणि कुठला संपता संपेना. मग आठवा त्यात तुम्ही लाइनीत कुठे होतात, लाइन किती लांब होती, बँड कसा वाजवत होता. काही आठवड्यांनी आपोआप दिसायला लागतं. कोणाच्या लवकर संपलेल्या नाचांत सगळीकडे पार्टनर स्विंग असतो, तो बेकेटवाला. कोणाच्यात शेजारी, तो इम्प्रॉपरवाला. कोणाला कॉन्ट्रा कॉर्नर्ससारखं काहीतरी डोक्याला काम लागतं, त्याने प्रॉपरच्या मागे लागावं.

आवड कळली की पार्टनर त्याप्रमाणे विचारा. ज्याच्याबरोबर नाचायला खूप आवडतं त्याला बेकेटसाठी विचारलं तर उत्तम, पण पार्टनर शोधायच्या वेळी कॉलर बहुतेक वेळा फॉर्मेशन सांगत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत कॉलरला सरळ जाऊन विचारा की पुढच्या भागात बेकेट कधी आहे, बहुतेक जण आनंदाने सांगतात. नव्या माणसाबरोबर इम्प्रॉपर घ्या, त्याला सगळ्यांची मदत मिळेल. अनुभवी पार्टनर असेल तर प्रॉपर आणि फोर फेस फोर. आणि सगळे बँडसमोरच्या मधल्या लाइनीत घुसतात तेव्हा तुम्ही कडेच्या लाइनीत जा, विशेषतः प्रॉपर असेल तर, तिथे लाइन छोटी असते, जागा मोकळी असते, स्विंगला हात आखडून घ्यावे लागत नाहीत.

मराठी मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात कॉन्ट्रा ठेवायचा विचार असेल तर क्रम असा ठेवा, पहिला सिसिलियन सर्कल किंवा सर्कल मिक्सर, मग दोन-तीन सोपे इम्प्रॉपर, पार्टनर स्विंग असलेले आणि शेजाऱ्याचा स्विंग छोटा किंवा नसलेला, कारण अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी धरून गरगर फिरणं सगळ्यांना जमत नाही, त्याऐवजी दोन हात धरून फिरवा. बेकेट पहिल्या दिवशी नको, टोकांवर गोंधळ होईल. लोक कमी असतील तर ट्रिपलेट एक. बँड नसेल तर रेकॉर्डिंग चालेल पण 32 बारचंच घ्या, बरोबर किती फेऱ्यांचं आहे ते आधी घरी मोजून ठेवा, आणि स्थानिक ग्रुपमधल्या कॉलरला बोलवायला मागेपुढे बघू नका, त्यांना मानधन द्या, जेवायला थांबवा, आणि किती नवीन लोक येणार आहेत तो आकडा आधीच खरा खरा सांगा, म्हणजे ते त्याप्रमाणे फॉर्मेशन्स निवडून येतील.